पाटी वाचली, नोंदणी विचारली का?

(सामुदायिक रेडिओवरील ‘मैत्रिणींशी बोलू’ या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)

  भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल तर तशाच ऐका, पण आज एखादा कागद-पेन जवळ असू द्या. दोन-तीन गोष्टी लिहून घेण्यासारख्या आहेत.

मागच्या महिन्यात मी मुलांच्या परीक्षेच्या ताणावर बोलले, त्यानंतर दोन चिठ्ठ्या आल्या. पहिली एका आईची. मुलाचं अभ्यासात लक्ष लागत नाही, वर्गात रडतो, म्हणून शाळेतून सांगितलं, “सायकॉलॉजिस्टला दाखवा.” ती स्टेशनकडे गेली तर तिला तीन पाट्या दिसल्या. एकीवर ‘समुपदेशक’, दुसरीवर ‘सायकोथेरपिस्ट’, तिसरीवर ‘माइंड कोच’. ती विचारते, यातला खरा कोण? दुसरी चिठ्ठी एका सुनेची. बी.ए. झालेली, दोन मुलं शाळेत जातात. घरबसल्या इग्नूमधून मानसशास्त्रात एम.ए. करायचं तिने ठरवलं होतं. फीसाठी भिशीचे पैसे बाजूला ठेवले होते. आता सगळे सांगतात, प्रवेश बंद झाला. ती विचारते, का?

चिठ्ठ्या दोन असल्या तरी प्रश्न मुळात एकच आहे. स्वतःला मानसशास्त्रज्ञ म्हणवून घेण्याचा हक्क कुणाला आहे, आणि तो कोण ठरवतं? याचे नियम सध्या बदलताहेत, अगदी आपल्या डोळ्यांदेखत. म्हणून आज त्याबद्दलच बोलायचं.

आधी नावांचा गोंधळ सोडवू. मराठीत आपण सगळ्यांनाच ‘मनाचे डॉक्टर’ म्हणून मोकळ्या होतो. पण मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. करून पुढे मनाच्या आजारांचं शिक्षण घेतलेला डॉक्टर, म्हणजे सायकिअॅट्रिस्ट. त्याची नोंद वैद्यक परिषदेकडे असते आणि गोळ्या तोच लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे मानसशास्त्रात एम.ए. करून त्यावर रुग्णालयात, वरिष्ठांच्या देखरेखीखाली, दोन वर्षांचं पूर्णवेळ प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती. ती चाचण्या घेते, बोलण्यातून उपचार करते, पण गोळ्या देत नाही. आणि समुपदेशक? इथे खरी गंमत आहे. समुपदेशक म्हणजे कोण, हे आपल्याकडे आजवर कुठल्याही नोंदवहीने पक्कं सांगितलेलंच नाही. एम.ए. झालेली अनुभवी बाई समुपदेशक असते आणि दोन दिवसांचं शिबिर करून आलेला माणूसही समुपदेशक असतो. पाटी रंगवणारा दोघांकडून सारखेच पैसे घेतो.

आपलं गाव रांगोळीचं. इथे कुणी रांगोळीवाल्याला सर्टिफिकेट विचारत नाही. तो जमिनीवर बसतो, चिमटीतून रंग सोडतो, आणि चेहरा उमटला की नाही हे सगळ्या गावाला दिसतं. कच्चा हात लपत नाही. मनाच्या कामाचं तसं नाही. बंद दाराआड एक बाई रडते, समोरचा काही तरी सांगतो, ती पैसे देऊन बाहेर येते. काम चांगलं झालं की वाईट, हे बाहेरच्याला दिसत नाही आणि पुष्कळदा तिलाही कळत नाही. म्हणूनच या कामाला नोंदवही हवी.

माझ्या ओळखीच्या एका बाईंचं सांगते. नाव-गाव सांगणार नाही. त्यांना मनाचा जुना आजार. डॉक्टरांनी गोळ्या दिलेल्या, त्यावर त्यांचं घर, शिवणकाम सगळं नीट चाललेलं. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्या एका ‘कोच’कडे जायला लागल्या. त्याने सांगितलं, गोळ्यांनी मन दुबळं होतं, विचार बदला. यांनी गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांत झोप उडाली, बोलणं सुटलं, आणि शेवटी दवाखान्यात भरती करावं लागलं. नवरा तक्रार करायला निघाला, पण करणार कुणाकडे? डॉक्टर चुकला तर वैद्यक परिषद असते. हा माणूस कुठल्याच वहीत नव्हता. ज्याचं नावच कुठे लिहिलेलं नाही, त्याचं नाव खोडायचं कसं?

आता कायद्याकडे वळते. कंटाळू नका, थोडक्यात सांगते.

पहिला कायदा भारतीय पुनर्वसन परिषदेचा, १९९२चा. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला आर.सी.आय. म्हणतात. अपंग व्यक्तींसाठी काम करणाऱ्यांची शिक्षणं ठरवायची आणि त्यांची केंद्रीय नोंदवही ठेवायची, हे त्या परिषदेचं काम. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट त्या वहीत येतात. नोंद नसताना ते काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं कायदा म्हणतो. एक हजार! मुंबईत एका बैठकीची फी कित्येकदा त्याहून जास्त असते.

दुसरा कायदा २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा. त्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोण, हे नीट लिहिलं आहे: परिषदेने मान्य केलेलं शिक्षण, किंवा एम.ए. आणि त्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., तेही क्लिनिकल सायकॉलॉजीत किंवा ‘मेडिकल अँड सोशल सायकॉलॉजी’त. हे दुसरं नाव आज विचित्र वाटतं, पण त्याला इतिहास आहे. बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेत, जिला आज आपण निमहान्स म्हणतो तिथे, पूर्वी याच नावाचा अभ्यासक्रम होता. याच कायद्याने आणखी एक गोष्ट केली. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाने असे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोविकार सामाजिक कार्यकर्ते यांची नोंद करून यादी प्रसिद्ध करायची. आणि आपल्या शिक्षणाच्या कक्षेबाहेरचं औषध किंवा उपचार यांपैकी कुणी सुचवायचा नाही.

पण बघा, दोन्ही कायदे बोलतात ते क्लिनिकलवाल्यांबद्दल. बाकी सगळे मानसशास्त्रज्ञ, शाळेतले, संस्थांतले, दवाखान्यातले समुपदेशक, हे अधांतरीच राहिले. ती फट बुजवायला २०२१ साली तिसरा कायदा आला. नाव लांबलचक आहे, राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा. फिजिओथेरपी, एक्स-रे, डायलिसिस, आहारशास्त्र अशा कितीतरी कामांना त्याने एका छताखाली आणलं, आणि त्यातच ‘वर्तन आरोग्य’ असा एक गट केला. मानसशास्त्रज्ञ, आजारांविषयी समुपदेशन करणारे, कुटुंबनियोजन आणि एच.आय.व्ही.चे समुपदेशक, वैद्यकीय सामाजिक कार्यकर्ते, मानसिक आरोग्य साहाय्यक हे सगळे त्यात आले. अपंगांसाठीच्या परिषदेकडचे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मात्र तिकडेच ठेवले. म्हणजे आता वह्या दोन झाल्या. मला विचाराल तर एकच वही असती तर सामान्य माणसाला सोपं गेलं असतं. पण कायदे करणाऱ्यांना आपली सोय क्वचितच आठवते.

या कायद्याप्रमाणे केंद्रात आयोग आणि प्रत्येक राज्यात परिषद. नोंदवही ठेवायची ती राज्याच्या परिषदेने. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घ्यायचं तर किमान ३,६०० तासांचं, तीन ते सहा वर्षांत विभागलेलं पदवीचं शिक्षण हवं. कायदा येण्याआधीपासून काम करणाऱ्यांनाही नोंदणीसाठी अर्ज करता यावा, अशी तरतूद त्यात आहे. राज्यांनी परिषदा बनवायला इतका वेळ लावला, की शेवटी २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाला अंमलबजावणीसाठी मुदत घालून द्यावी लागली.

आता आमच्या सूनबाईंच्या चिठ्ठीचं उत्तर. ऑगस्ट २०२५मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने जाहीर केलं, की या २०२१च्या कायद्यात येणारे विषय दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन शिकवता येणार नाहीत. जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून नवे प्रवेश द्यायचे नाहीत. त्या यादीत मानसशास्त्र आहे, आहारशास्त्र आहे, सूक्ष्मजीवशास्त्र आहे. इग्नूचं एम.ए. मानसशास्त्र त्यातच अडकलं. कुठल्याही शाखेच्या पदवीधराला तिथे प्रवेश मिळायचा. म्हणून लग्नानंतर शिकणाऱ्या किती बायकांनी ती वाट धरली होती! दुपारी मुलं शाळेत गेली की पुस्तक उघडायचं, रात्री स्वाध्याय लिहायचे.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं असेल, हे मला चिठ्ठीच्या अक्षरावरूनच दिसलं. पण मी तिला खोटा धीर देणार नाही. नियमामागचं कारण मला पटतं. समोर बसलेल्या माणसाचं ऐकायचं कसं, आत्महत्येबद्दल विचारायचं कसं, आपल्याला जमत नाही तेव्हा पुढे पाठवायचं कसं, हे पोस्टाने आलेल्या पुस्तकातून शिकता येत नाही. नर्सिंग आपण पत्राने शिकवतो का? मग हे का शिकवावं?

मला पटत नाही ते पुढचं. जुनं दार बंद केलं, पण नवं दार आपल्या गावाच्या जवळपास उघडलेलं नाही. पूर्णवेळ कॉलेज म्हणजे सकाळी नायगावहून विरार लोकलच्या गर्दीत चढायचं आणि संध्याकाळी परतायचं. पोरं, सासू-सासरे, पाणी यायची वेळ हे सगळं कुणी बघायचं? मुंबईतल्या मुलीला हा नियम म्हणजे एक अर्ज कमी. आपल्याकडच्या बाईला तो पूर्णविराम ठरतो. पुस्तकी भाग घरी आणि प्रात्यक्षिक जवळच्या सरकारी रुग्णालयात, असं तालुक्याच्या ठिकाणी करता येणार नाही का? मागायला हवं. आमदार-नगरसेवकांकडे रस्ता, गटार मागतो तसंच हेही मागायला हवं.

आणि दुसरी एक बाजूही लक्षात घ्या. मोठी पदवी नसलेली माणसं हे काम करूच शकत नाहीत, असं नाही. शेजारच्या गोव्यात ‘संगत’ नावाची संस्था १९९६पासून काम करते. डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी स्थानिक, साध्या शिकलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांशी त्यांनी सहा ते आठ बैठका केल्या आणि रुग्णांना त्याचा उपयोग झाला. हा अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पण त्या माणसांना काय करायचं हे आखून दिलेलं होतं, त्यांच्यावर जाणत्यांची देखरेख होती, आणि आपण डॉक्टर आहोत असं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. स्टेशनजवळच्या ‘कोच’मध्ये आणि त्यांच्यात फरक आहे तो हाच. तेव्हा आपल्या आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांना असं शिकवलं तर जूचंद्रमध्येसुद्धा ते होऊ शकेल. माझं तर म्हणणं आहे, की नव्या कायद्यात साहाय्यकांसाठी जी जागा आहे ती आधी अशा बायकांनी भरावी.

क्लिनिकलची वाटही बदलते आहे, तेही लिहून घ्या. नव्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली. क्लिनिकल सायकॉलॉजीपुरती आयोगाने मुदत वाढवून दिली, ती २०२५-२६च्या प्रवेशांपर्यंत. त्यापुढे परिषदेचे नवे अभ्यासक्रम: चार वर्षांची ऑनर्स पदवी, क्लिनिकल सायकॉलॉजीतलं एम.ए., साय.डी. बारावीतली मुलगी “मला सायकॉलॉजी करायचंय” म्हणत असेल तर कॉलेजच्या चकचकीत पुस्तिकेवर जाऊ नका. दोन प्रश्न विचारा. हा अभ्यासक्रम पुनर्वसन परिषदेने मान्य केला आहे का? नसेल, तर नव्या आयोगाच्या अभ्यासक्रमाप्रमाणे आहे का? उत्तर तोंडी घेऊ नका, मान्यतेचं पत्र बघा. लाखांनी फी भरायची आणि शेवटी नोंदणीच मिळायची नाही, असं होऊ देऊ नका.

आपल्यातली काही मुलं-सुना अमेरिकेत आहेत. तिथे हे परवाने केंद्राकडून नाही, प्रत्येक राज्याकडून मिळतात. बहुतेक राज्यांत डॉक्टरेट, देखरेखीखाली ठरावीक तासांचं काम आणि एक परीक्षा, एवढं झाल्याशिवाय ‘सायकॉलॉजिस्ट’ हा शब्द पाटीवर लिहिता येत नाही. एका राज्यातली सायकॉलॉजिस्ट दुसऱ्या राज्यातल्या माणसाशी व्हिडिओवर बोलायची तर पूर्वी तिथलाही परवाना लागायचा. म्हणून राज्यांनी आपसात करार केला, त्यात आता चाळीसच्या वर राज्यं आहेत. हे सांगते ते एवढ्यासाठी, की तिकडे राहणारी मुलगी “आई, मी इथूनच तुझ्यासाठी बाई बघते” म्हणाली तर आधी तिला विचारायला सांगा, त्या बाईंना इथल्या माणसावर उपचार करायची मुभा आहे का.

आता पहिल्या चिठ्ठीतल्या आईसाठी. बाई, तिन्ही पाट्या सोडा. आत जा आणि सरळ विचारा: “तुमचं शिक्षण काय? नोंदणी कुठे? नंबर काय?” लाजू नका. रिक्षात बसताना मीटर बघतो, मासळी घेताना कल्ले उचलून बघतो, मग इथेच संकोच कसला? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर नंबर घ्या आणि पुनर्वसन परिषदेच्या संकेतस्थळावर नाव तपासा. मोबाइलवर जमत नसेल तर घरातल्या कॉलेजच्या पोराला सांगा. ती नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, तेव्हा तारीखही बघा. नोंदणीकृत माणूस नंबर विचारल्यावर रागावत नाही. जो रागावेल त्याच्याकडून उठून या.

तुमच्या मुलाला वाचता-लिहिताना अडचण असेल, अध्ययन अक्षमता असेल, तर आणखी एक सांगते. दहावीच्या परीक्षेत सवलत हवी असेल तर शिक्षण मंडळाला मान्य असलेल्या केंद्राचाच दाखला लागतो. खासगी समुपदेशकाने हजारो रुपये घेऊन दिलेला कागद तिथे चालेलच असं नाही. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशी तपासणी होते. वेळ लागतो, रांग असते, म्हणून आठवीतच सुरुवात करा. दहावीच्या डिसेंबरात धावाधाव नको.

आणि शाळेलाही विचारा. २५ जुलै २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. विशाखापट्टणमला ‘नीट’ची तयारी करणारी सतरा वर्षांची मुलगी गेली, तिच्या वडिलांनी लढलेल्या खटल्यातला तो निकाल. शंभर किंवा त्याहून जास्त मुलं असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असं त्यात म्हटलं आहे. आपल्या भागातल्या बहुतेक शाळांत शंभराच्या वर मुलं आहेत. पालक सभेत उठा आणि विचारा, “आमच्या शाळेत कोण आहे? त्यांचं शिक्षण काय?” चित्रकलेच्या बाईंनाच एक जादा तासिका देऊन समुपदेशक केलेलं असेल तर तेही कळू द्या.

पैसे नाहीत म्हणून कुणी थांबू नये. टेलिमानस ही सरकारची मोफत सेवा आहे, नंबर १४४१६. लिहून घ्या, १४४१६. चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचं आहे. दिवा गाडीच्या फेऱ्या मोजक्याच, तेव्हा घोडबंदरवरून बसने जाणं बरं पडतं. “माजी सून काय येरी नाय, तिला ठाण्याला कशाला नेवाची?” असं म्हणणाऱ्या काकी आपल्या घरोघरी आहेत. त्यांना शांतपणे सांगा, तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे, तपासून गोळ्या घेऊन संध्याकाळी घरी येता येतं. आणि भगताकडे नेऊन अंगातलं काढायच्या नावाखाली कुणी मारहाण केली, तर २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. तुम्ही सांगितलेलं गुप्त राहण्याचा हक्कही २०१७च्या कायद्याने दिला आहे. समुपदेशक तुमची गोष्ट हळदीकुंकवात सांगत असेल, तर ती जागा सोडा.

सूनबाई, तुमच्यासाठी शेवटचं. भिशीचे पैसे मोडू नका. ‘तीन महिन्यांत सायकॉलॉजिस्ट व्हा’ अशा जाहिराती तुमच्या मोबाइलवर आता जास्तच येतील, कारण जुनं दार बंद झाल्याचं त्यांनाही ठाऊक आहे. एकालाही पैसे भरू नका. ज्यांचं दूरशिक्षणाचं एम.ए. आधीच पूर्ण झालं आहे, त्यांनी गुणपत्रिका, पदवी आणि काम केल्याचे दाखले जपून ठेवा. राज्य परिषदेच्या नोंदणीत ते लागतील. पुढच्या बुधवारी दुपारी तीन वाजता मी केंद्रावर असेन. अशा ज्या कुणी असाल त्या कागद घेऊन या. आपण एक यादी करू आणि नोंदणीबद्दल विचारणारा अर्ज राज्याच्या आरोग्य विभागाला एकत्रच पाठवू. एकटीने पाठवलेल्या अर्जाचं काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.